वाचकांचे प्रश्न : पद गेल्यानंतरची वर्षे

गेल्या महिन्यात एका वाचकाला पक्षांतर्गत निवडणुकांविषयी उत्तर देताना मी ओघात लिहिले होते की, निवडून आलेल्या माणसाची नोंद वर्तमानपत्रे ठेवतात, पण पद गेल्यावर किंवा नेतृत्वाच्या स्पर्धेत मागे पडल्यावर त्याने आयुष्य कसे काढले, याची नोंद घरातल्या माणसांपुरतीच उरते. या एका वाक्यावर पुण्यातून इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. शेवटचे पत्र एका मुलीने वडिलांविषयी लिहिले आहे आणि त्यासाठी मी अधिक जागा राखून ठेवली आहे.

प्रश्न : वडिलांच्या कात्रणांच्या वहीत सप्टेंबर १९५० मधील एक बातमी सापडली. काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा तो निकाल आहे आणि तीन उमेदवारांत शंकरराव देव यांचे नाव आहे. सासवडच्या आश्रमाचे शंकरराव ते हेच का? अखिल भारतीय पातळीवर एवढी मोठी निवडणूक लढवणारा मराठी माणूस पुढे कोठे गेला?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : होय, तेच. शंकरराव त्या वेळी काँग्रेसच्या सर्वांत आतल्या वर्तुळातले होते. ते पक्षाचे सरचिटणीस होते, कार्यकारिणीत महाराष्ट्राचा आवाज होते आणि संविधान सभेचेही सदस्य होते. १९५० च्या त्या निवडणुकीत पुरुषोत्तमदास टंडन यांना १३०६, आचार्य कृपलानी यांना १०९२ आणि शंकररावांना २०२ मते मिळाली. टंडन यांच्यामागे सरदार पटेल उभे होते आणि पंडित नेहरूंना टंडन नको होते. एवढ्या मोठ्या ओढाताणीत तिसऱ्या उमेदवाराच्या वाट्याला फारसे काही येणार नव्हते. त्या काळी तिसऱ्या उमेदवारामुळे मते फुटल्याची चर्चा झाली असेल तर तिचा हिशेब वहीतल्या आकड्यांवरून करता येतो : शंकररावांची सगळीच्या सगळी मते कृपलानींच्या पारड्यात टाकली तरी बेरीज १२९४ होते आणि टंडन बारा मतांनी पुढेच राहतात. त्यांच्या उभे राहण्याने कोणाचे काही हिरावले गेले नाही, एवढे निश्चित म्हणता येते. त्याच महिन्यात काँग्रेसचे अधिवेशन नाशिकला, म्हणजे महाराष्ट्राच्याच भूमीवर भरले. अध्यक्षपदाच्या स्पर्धेत सर्वांत मागे पडलेल्या मराठी नेत्याला ते दिवस सोपे गेले नसणार, असे मला नेहमी वाटते.

त्या तिघांच्या वाटा पुढे किती वेगळ्या झाल्या पाहा. जिंकलेल्या टंडन यांना नेहरूंशी न पटल्यामुळे वर्षभरातच, सप्टेंबर १९५१ मध्ये, अध्यक्षपद सोडावे लागले. कृपलानींनी काँग्रेसच सोडली, किसान मजदूर प्रजा पक्ष काढला आणि ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारवरचा पहिला अविश्वास ठराव लोकसभेत मांडला तो त्यांनीच. शंकररावांनी ना पक्ष काढला, ना सूड धरला. ते सर्वोदयाच्या कामात गेले. या त्यांच्या जाण्याला फार मोठे फळ आले आणि ते सांगताना शंकररावांचे नाव बहुतेक वेळा गाळले जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १९५१ च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरायचे होते. विनोबा पवनारला होते आणि त्यांचा जाण्याचा विचार नव्हता. विनोबांनी आलेच पाहिजे असा आग्रह शंकररावांनी धरला. विनोबा तयार झाले, मात्र पायी जाईन असे म्हणाले. मार्चमध्ये त्यांनी पवनार सोडले, आणि संमेलनानंतर तेलंगणातल्या गावांतून फिरत असताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डी यांनी भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन देऊ केली. भूदानाचा उगम तो. अध्यक्षपद हुकल्यानंतर आठ महिन्यांच्या आत या माणसाच्या एका आग्रहातून देशभर पसरलेल्या चळवळीला वाट मिळाली. ते अध्यक्ष झाले असते, तर त्या वर्षी त्यांचे दिवस पक्षाच्या बैठकांत आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या उमेदवाऱ्या ठरवण्यात गेले असते.

त्यांच्या हातून नेतृत्व निसटण्याचा प्रसंग पुन्हा एकदा आला आणि तो पुणेकरांच्या अधिक जवळचा आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष शंकररावच होते. वाटाघाटींनी, श्रेष्ठींना समजावून राज्य मिळेल ही त्यांची वाट होती. १९५५ नंतर लोकांचा धीर सुटला, आणि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी आपल्या टिळक स्मारक मंदिरात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली. पुढचा लढा समितीने लढवला. परिषदेने दहा वर्षे केलेली नांगरणी लोक विसरले, आणि हे मला अन्यायाचे वाटते. समितीने जे पीक काढले त्याचे बी परिषदेच्याच काळात पडले होते.

मार्च १९६३ मध्ये, चीनशी झालेल्या युद्धाची जखम ओली असताना, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी शंकरराव दिल्लीहून पेकिंगकडे (आजच्या बीजिंगकडे) निघालेल्या मैत्रीयात्रेच्या अग्रभागी चालत होते. त्या वेळच्या लोकभावनेविरुद्ध जाणारे हे पाऊल होते. चीनने यात्रेला प्रवेश दिला नाही आणि ती सीमेच्या अलीकडेच थांबली. त्या यात्रेच्या उपयोगाविषयी मतभेद असू शकतात, माझ्याही मनात शंका आहेत. परंतु मते मागायची नसलेला माणूसच त्या वर्षी असे चालू शकत होता. वडिलांची वही जपून ठेवा, आणि जमल्यास त्या कात्रणाशेजारी पोचमपल्लीची तारीखही लिहून ठेवा.

प्रश्न : आजोबा सांगत की काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखा केंद्रीय मंत्री राहिलेला माणूस पुण्यातून पडला. एवढ्या उंचीवरून पडल्यावर माणूस पुन्हा उभा राहतो का?
— एक वाचक, नवी पेठ

उत्तर : आजोबांचे म्हणणे खरे आहे. नरहर विष्णू गाडगीळ स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज या खात्यांचे मंत्री होते. भाक्रा आणि हिराकूडसारख्या धरणांची सुरुवातीची वर्षे त्यांच्या खात्याने पाहिली. १९५२ च्या निवडणुकीत ते पुण्यातून लोकसभेवर गेले, पण मंत्रिमंडळात त्यांना पुन्हा घेतले गेले नाही. पुढे १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत समितीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या नानासाहेब गोरे यांनी त्यांचा पराभव केला. या पराभवातला सल असा की काकासाहेब स्वतः संयुक्त महाराष्ट्राचे उघड पुरस्कर्ते होते आणि मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून लोकसभेत पोटतिडकीने बोलले होते. लोकांचा राग त्यांच्या पक्षावर होता आणि तो त्यांना सोसावा लागला.

पुढे १९५८ ते १९६२ ते पंजाबचे राज्यपाल होते. त्यापेक्षा मला त्यांचे शेवटचे पद अधिक महत्त्वाचे वाटते. १९६४ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि जानेवारी १९६६ मध्ये मृत्यूने गाठले तेव्हाही त्याच पदावर होते. गणेशखिंडीतली विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे एके काळचे मुंबई प्रांताच्या गव्हर्नरांचे निवासस्थान. चंदीगडचे राजभवन सोडून आलेल्या माणसाने पुण्यातल्या जुन्या राजभवनात यावे आणि तेथे मुलांच्या परीक्षा, वसतिगृहे, प्राध्यापकांच्या नेमणुका अशा प्रश्नांत लक्ष घालावे, यात त्यांना काही कमीपणा वाटला असेल असे दिसत नाही. ते मुळात फर्ग्युसनचे विद्यार्थी, वकील आणि लेखक होते. शिकणे आणि लिहिणे या दोन गोष्टी मंत्रिपदाच्या आधीपासून त्यांच्याजवळ होत्या, त्यामुळे मंत्रिपद गेल्यावर त्या शोधाव्या लागल्या नाहीत.

त्यांना हरवणाऱ्या नानासाहेबांचेही उदाहरण तितकेच बोलके आहे. १९६२ मध्ये पुण्याची जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली आणि नानासाहेबांची खासदारकी संपली. पुढे हेच नानासाहेब १९६७-६८ मध्ये पुण्याचे महापौर झाले. दिल्लीत राष्ट्रीय प्रश्नांवर बोललेला नेता नळ, गटारे आणि रस्ते यांच्या सभेत येऊन बसला. आज खासदारकी भूषवलेल्या कोणाला महापालिकेत यायला सांगितले तर तो अपमान मानला जाईल. नंतर राज्यसभा आणि १९७७ ते १९७९ या काळात लंडनमधील भारताचे उच्चायुक्तपद त्यांच्याकडे आले, ही गोष्ट वेगळी. पदांची चढती-उतरती भाजणी डोक्यात न ठेवता जे काम समोर येईल ते घेणे, हे पुण्याच्या त्या पिढीला जमत होते.

पक्षांतर्गत स्पर्धेपुरते बोलायचे तर पराभव क्वचितच शेवटचा असतो. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्याकडून १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरलेले पट्टाभि सीतारामय्या १९४८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि त्या वेळी त्यांच्यासमोर हरले ते टंडन. दोनच वर्षांनी टंडनही निवडून आले. अलीकडचे आपल्या जिल्ह्यातले उदाहरण म्हणजे १९९७ ची निवडणूक. सीताराम केसरी यांना ६२२४, शरद पवार यांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ मते मिळाली, आणि पुढच्याच वर्षी पवार लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले.

प्रश्न : माजी खासदारांप्रमाणे माजी नगरसेवकांनाही निवृत्तिवेतन मिळते का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. नगरसेवकाला मुदत चालू असेपर्यंत मानधन आणि सभेचा भत्ता मिळतो, निवृत्तिवेतन नाही. संसदेच्या माजी सदस्यांना एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दरमहा ३१,००० रुपये मिळतात आणि पाच वर्षांहून अधिक सदस्यत्वाच्या प्रत्येक वर्षासाठी दरमहा २,५०० रुपयांची भर पडते. माजी आमदारांसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. ज्या नगरसेवकाने दहा वर्षे स्वतःचा धंदा बाजूला ठेवून प्रभाग सांभाळला, त्याच्यासमोर पद जाताच उत्पन्नाचा प्रश्न खरोखरीच उभा राहतो. प्रत्येक माजी नगरसेवक गब्बरच असतो हा समज अनेक प्रामाणिक माणसांवर अन्याय करतो.

प्रश्न : माझे वडील सलग दोन वेळा नगरसेवक होते. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि ते ‘माजी’ झाले. त्यानंतर त्यांनी पक्षाच्या शहराध्यक्षपदासाठी मनापासून प्रयत्न केले, निरीक्षकांना भेटले, मुलाखत दिली. नेमणूक दुसऱ्याची झाली. सकाळी सातपासून ज्या फोनला उसंत नसे तो आता दिवसभर वाजत नाही. संपर्क कार्यालयाचे भाडे चालू आहे, तिथे कोणी येत नाही. बाबा तरीही रोज इस्त्रीचे कपडे घालून बाहेरच्या खोलीत बसतात. आई म्हणते, गावी जाऊन राहू. दुसऱ्या पक्षाकडूनही निरोप येत आहेत. आम्ही घरच्यांनी काय करावे?
— एक वाचक भगिनी, कोथरूड

उत्तर : ताई, तुमचे पत्र वाचताना मला माझे मामा आठवले. पंचायत समितीचे सभापतिपद गेल्यानंतर जवळजवळ सहा महिने ते रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसत आणि रस्त्याने जीप आली की मान वर करत. मामींनी त्यांना एकदाही उपदेश केला नाही. गावातल्या दूध सोसायटीचे हिशेब दोन वर्षे जुळत नव्हते. एका सकाळी मामींनी त्या वह्या आणून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, “एवढं बघून द्या, बायकांचे पैसे अडकलेत.” मामा त्या वह्यांत गुंतले ते पुढे बारा वर्षे. तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर बरेचसे या वह्यांमध्येच आहे.

आधी हे मान्य करा की बाबांना झालेले दुःख खरे आहे. घरातली माणसे धीर देण्यासाठी ‘बरे झाले, सुटलात’ असे म्हणतात, तसे कृपया म्हणू नका. दहा वर्षे ज्या माणसाने रात्री अकराला पाण्याचा टँकर पाठवला, दवाखान्यात खाट मिळवून दिली, दहाव्याला आणि लग्नाला हजेरी लावली, त्याला ती धावपळ ओझे वाटत नव्हती. तेच त्याचे जगणे होते. शहराध्यक्षपदाची इच्छा धरण्यातही काही गैर नव्हते. बहुतेक पक्षांत या पदासाठी मतदान होत नाही, श्रेष्ठी नेमणूक करतात, आणि त्या निर्णयात जातीचे गणित, शेजारच्या मतदारसंघाचा समतोल, एखाद्या आमदाराचा शब्द अशा अनेक गोष्टी येतात. न मिळालेले पद म्हणजे बाबांच्या कामाला मिळालेले गुण नव्हेत, हे त्यांना त्यांच्याच पिढीतल्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याने सांगितले तर ते अधिक पटेल. अशा एकाला घरी जेवायला बोलवा.

दुसऱ्या पक्षाच्या निरोपांविषयी मी स्पष्ट मत देतो : किमान एक वर्ष उत्तर देऊ नये. दुखावलेल्या मनाने केलेला पक्षप्रवेश सत्काराच्या दिवशी चांगला वाटतो, आणि पुढे दोन्हीकडचे कार्यकर्ते परके होतात. विचार बदलला असेल तर वर्षभरानंतरही तो बदललेलाच राहील. बाबांनी नव्या शहराध्यक्षांची भेट घेतली नसेल तर ती मात्र लवकर घ्यावी, छायाचित्रकाराशिवाय घ्यावी, आणि प्रभागाची जी माहिती फक्त त्यांच्याजवळ आहे ती त्यांना द्यावी.

आईंचे गावी जाण्याचे म्हणणे काही दिवसांच्या विश्रांतीसाठी योग्य आहे. कायमचे जाण्याची घाई करू नये असे मला वाटते, कारण बाबांजवळ जे ज्ञान आहे ते कोथरूडमध्येच कामाचे आहे. क्षेत्रीय कार्यालयात कोणता अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, ड्रेनेजची जुनी लाइन कोणत्या सोसायटीच्या भिंतीखालून जाते, ‘स’ यादीतला, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांचा, निधी कसा लावला जातो आणि कसा परत जातो, हे नव्याने निवडून येणाऱ्याला कळायला दोन-तीन वर्षे लागतात. पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपापल्या भागातल्या कामांच्या सूचना मागवते. या सूचनांचे अर्ज कसे भरावेत हे वस्त्यांमधल्या बहुतेकांना ठाऊक नसते, आणि सोसायट्यांतल्या लोकांना काम कोणत्या खात्याचे आहे हे ठाऊक नसते. बाबांचे संपर्क कार्यालय बंद करू नका. त्यावरचा पदाचा फलक उतरवा, आठवड्यातून दोन सकाळी ते उघडा आणि फक्त अर्ज लिहून देण्याचे काम सुरू करा. पहिले काही आठवडे कोणी येणार नाही, याची तयारी ठेवा. ज्येष्ठ नागरिकांचे दाखले, मालमत्ता करातल्या चुका, मीटरच्या तक्रारी घेऊन लोक हळूहळू येऊ लागतील. बाबांनी सही करायची नाही, केवळ वाट दाखवायची. भाडे झेपत नसेल तर घरची बाहेरची खोलीही पुरे.

या बाबतीत पुण्यातच एक उदाहरण आहे आणि बाबांनी ते स्वतः पाहिलेले असेल. मोहन धारिया १९७१ मध्ये काँग्रेसचे आणि १९७७ मध्ये जनता पक्षाचे खासदार म्हणून पुण्यातून निवडून आले. जयप्रकाश नारायण यांच्याशी बोलणी करावीत असे उघडपणे म्हटल्यामुळे १९७५ मध्ये त्यांना इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातून जावे लागले. पुढे ते केंद्रात व्यापारमंत्री झाले आणि तेही पद सरकारबरोबर गेले. ऐंशीच्या दशकात त्यांनी पुण्यातून ‘वनराई’चे काम उभे केले. पावसाळा सरत असताना सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर आडवी रास रचायची आणि वाहून जाणारे पाणी अडवायचे, हा जो साधा बंधारा आहे त्याला महाराष्ट्रातला शेतकरी आणि कृषी खात्याचा कर्मचारी दोघेही ‘वनराई बंधारा’ म्हणतात. त्यासाठी ना मोठा निधी लागतो, ना निविदा, आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून तो एका दिवसातही उभा राहतो. मध्यंतरी १९९०-९१ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद त्यांच्याकडे आले, ते गेल्यावर ते पुन्हा झाडे आणि पाण्याकडेच वळले, आणि २०१३ मध्ये पुण्यात निधन होईपर्यंत त्याच कामात राहिले. ते व्यापारमंत्री होते हे माझ्या ओळखीच्या अनेक तरुणांना माहीत नाही, बंधाऱ्याचे नाव मात्र त्यांना ठाऊक असते.

बाबांनी बंधारे बांधावेत असे मी म्हणत नाही. त्यांच्या हाताला जे आधीपासून येते ते शोधायचे आहे, आणि ते तुम्हालाच अधिक नीट सांगता येईल. नगरसेवक होण्यापूर्वी ते काय करत? गणेश मंडळाचे हिशेब लिहीत, शिकवणी घेत, की रिक्षा संघटनेत होते? तिथपासून सुरुवात करा.

आणि एक काम आजच करता येईल. दोनशे पानी वही आणा, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा की प्रभागातल्या पहिल्या वस्तीत नळाची लाइन कोणत्या साली आली, खोदाई कोणी अडवली होती आणि ती कोणाच्या शब्दाने सुटली. ते सांगतील, तुम्ही लिहून घ्या. आईंनाही बसवा, कारण त्या वर्षीच्या बऱ्याच गोष्टी त्यांनाच अधिक आठवत असतील.